भांडण नंतरचं, आधी ‘हा विमा आहे का?’

विमा क्षेत्रातला वकील म्हणजे नाकारलेल्या क्लेमवरून कोर्टात भांडणारा माणूस, असं चित्र विमा वकिलांच्या कामावर मी वाचलेल्या एका लेखातून उभं राहतं. तो भाग आहेच. पण कॉर्पोरेट वकिलाची डोकेफोड बरीच आधी सुरू होते: समोरचा करार मुळात विमा आहे का? ऐकायला शब्दच्छल वाटेल. पण विमा ठरला की परवाना आला, राखीव भांडवल आलं, नियामकाला हिशेब देणं आलं. नाही ठरला, तर यातून सुटका.

क्रेडिट डिफॉल्ट स्वॅपचंच घ्या, म्हणजे एखाद्याचं कर्ज बुडण्याच्या जोखमीवरचा करार. ठरावीक हप्ता भरायचा, कर्जदार बुडाला की भरपाई घ्यायची. दिसायला अगदी विमाच! तरी १९९७ मध्ये लंडनचे बॅरिस्टर रॉबिन पॉट्स यांनी मत दिलं की हा विमा नव्हे, कारण पैसे मिळायला खरेदीदाराचं स्वतःचं नुकसान व्हावंच लागत नाही. कायद्याच्या अंगाने तर्क चोख आहे, मला तो आजही पटतो. (परिणाम पटत नाहीत, ते वेगळं.)

२००८ मध्ये एआयजी या अमेरिकी विमा कंपनीला फेडने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, ८५ अब्ज डॉलरचं कर्ज दिलं, त्यामागे या स्वॅपचा मोठा वाटा होता. तिच्या विमा उपकंपन्यांवर अमेरिकी राज्यांच्या विमा नियामकांची नजर होती. स्वॅप विकणारी शाखा मात्र त्यांच्या कक्षेबाहेर.

लेखात क्लेमच्या नोटिशीवर एवढं लिहिलंय, या वर्गीकरणावर एक ओळ तरी हवी होती.