पूर्ण तिकिटाचा माणूस

आमच्या घरी सहल ठरत नाही, मंजूर होते. माझे सासरे, म्हणजे अण्णा, जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली, पण लेखा विभाग काही अण्णांमधून निवृत्त झालेला नाही. मे महिन्यात कुठं जायचं हा विषय दिवाळी संपली की पटलावर येतो, डिसेंबरात त्यावर टिपणी होते आणि जानेवारीत लाल पुठ्ठ्याच्या वहीत अंदाजपत्रक उतरतं. डावीकडं ‘तरतूद’, उजवीकडं ‘प्रत्यक्ष खर्च’ आणि अगदी कडेला, पट्टी धरून स्वतः आखलेला खास रकाना, ‘बचत’. लोक जुन्या सहलींचे फोटो बघतात, आम्ही रकाने बघतो. ‘महाबळेश्वर : घोडा टाळला’ अशी एक नोंद आहे. ती वाचताना अण्णांचा चेहरा जसा फुलतो तसा वेण्णा तलाव बघतानाही फुलला नव्हता.

२०२५ च्या अंदाजपत्रकात पहिलं नाव होतं म्हैसूर. रेल्वेचं आरक्षण १२० दिवस आधी सुरू होतं हे अण्णांना पाठ. त्यांनी कॅलेंडरवर बोट ठेवून १२० घरं मागं मोजली, जानेवारीतल्या त्या तारखेला लाल गोल केला आणि त्या दिवशी भल्या पहाटे मफलर गुंडाळून ते स्टेशनवर गेले. मोबाइलवर तिकीट काढलं तर वर सेवाशुल्क पडतं, खिडकीवर पडत नाही, हे एक कारण. आणि खिडकीपलीकडं एक माणूस असतो, त्याच्याशी बोलता येतं, हे दुसरं.

त्या माणसानंच घात केला. “काका, मेचं तिकीट आत्ता कुठलं? ६० दिवस आधी या.”

१ नोव्हेंबर २०२४ पासून मुदत १२० वरून ६० दिवसांवर आलेली, आणि अण्णांपर्यंत हे परिपत्रक पोचलेलंच नव्हतं. घरी आले ते तोंड पाडून. “आधी गेलेल्या माणसाला परत पाठवतात,” ते चहाच्या कपाला सांगत होते. “आणि जो आदल्या दिवशी जागा होतो त्याला तत्काळमध्ये देतात, वर जादा पैसे घेऊन. म्हणजे नियोजन करणारा वेडा!” मुळात मार्च २०२० मध्ये ज्येष्ठ नागरिकांची सवलत बंद झाली तेव्हापासूनच अण्णांचं आणि रेल्वेचं जरा थंड होतं. पुरुषांना ४० टक्के आणि बायकांना ५० टक्के, हे आकडे ते अजून गेलेल्या नातेवाइकांसारखे आठवतात. म्हैसूरवर आडवी रेघ बसली आणि पुढं शेरा आला : ‘रेल्वेमुळे’.

एसटीनं मात्र अण्णांचा कधी अपमान केलेला नाही. ७५ च्या पुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून साध्या गाडीपासून सगळं फुकट. बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. पोरांना बारा वर्षांपर्यंत अर्धं, ते तर पहिल्यापासूनच. अण्णांनी वहीत कुटुंबाचा तक्ता काढला आणि मला हाक मारली. “सूनबाई, हे बघ. मी शून्य. ही अर्धी. तू अर्धी. आणि आमचा नातू अर्धा, पण ११ मेपर्यंतच, त्या दिवशी त्याला बारावं पूर्ण होतंय. म्हणजे परीक्षा संपली की निघायचं आणि वाढदिवसाच्या आत परत. बारा झाल्यावर पोराला फिरवणं परवडत नाही.”

“बरं,” मी म्हटलं.

“आपण चौघं मिळून किती झालो? दीड.” इथं त्यांनी पेनाचं टोपण काढून शेवटच्या ओळीवर टेकवलं. “आणि हा एकटा किती? एक!”

शेवटच्या ओळीत माझ्या नवऱ्याचं नाव होतं. निरोगी, त्रेचाळीस वर्षांचा, कुठल्याही योजनेत न बसणारा पुरुष. अण्णांनी टक्केवारीही काढून ठेवली होती : प्रवासखर्चाच्या ४० टक्के खर्च या एका बाबीवर. लेखापरीक्षणात अशी बाब दिसली की तिच्याभोवती हिरव्या शाईनं गोल होतो. तसा तो झालेला होता.

नवरा मार्केट यार्डात एका अडत दुकानाचे हिशेब बघतो. त्याला बाप आपल्याकडं हिरव्या शाईतून बघतोय हे कळलं तेव्हा तो बेदाणे खात होता. “तसंही मेमध्ये हळदीचे सौदे असतात, मला कुठली सुट्टी मिळायला,” तो म्हणाला. उत्तर बरोबर होतं, पण ज्या वेगानं आलं तो वेग मला आवडला नाही. लग्नाला पंधरा वर्षं झाली की उत्तरापेक्षा वेग ऐकायची सवय लागते.

एसटीनं म्हैसूरला जाता येईल का याचीही एकदा चाचपणी झाली. पण ही सगळी माया महाराष्ट्रापुरती. मिरजेहून निघून म्हैसाळ मागं टाकलं आणि कागवाड लागलं की शून्याचे अण्णा पुन्हा अख्खे होतात. माझी नणंद अथणीला दिली आहे. तिकडं जून २०२३ पासून तिथल्या रहिवासी बायकांना सरकारी साध्या बसचा प्रवास फुकट, त्यामुळं ती बेळगावला भाजी आणायला गेल्यासारखी जाते आणि फोन करून बापाला सांगते. अण्णा फोन ठेवून हळहळतात. “पोरगी दिली तेव्हा कळलं असतं तर हिलाही अथणीलाच बघितलं असतं,” हे ‘हिला’ माझ्याकडं बोट दाखवून. मी माहेरची इस्लामपूरची आहे आणि माझं स्थळ कुणी बघायचं हा अधिकार त्यांच्याकडं कधीच नव्हता, पण बचतीच्या भरात अण्णांना कालमर्यादा राहत नाही.

शेवटी कोकण मंजूर झालं. गणपतीपुळे, मेचा पहिला आठवडा. आता खोली. त्या फोनची मी साक्षीदार आहे, स्पीकर लावलेला होता.

“मेची खोली पाहिजे. आम्ही जानेवारीतच पैसे भरतोय, तर सूट किती?”

“काका, मेमध्ये सूट नसते. मेमध्ये खोली असते, हीच सूट.”

दुसरा कुणीही इथं थांबला असता. अण्णांनी वही उघडली. एसी नको, किती कमी? टीव्ही काढून टाका, आम्ही तिकडं बातम्या बघायला येत नाही, किती कमी? नाश्ता आमचा आम्ही आणतो, किती कमी? तिसरा मजला चालेल, जिना चढायला आम्ही खंबीर आहोत. यांचे गुडघे गेल्या वर्षी दाखवून आणलेत, पण तो खर्च वेगळ्या शीर्षाखालचा. मालकही हळूहळू रंगात आला. त्याला बहुतेक अशा गिऱ्हाइकाची सवय नव्हती, किंवा फार सवय होती. शेवटी समुद्राकडचं तोंड काढून टाकण्यावर सौदा आला. “समुद्र बघायला समुद्रावर जायचं,” अण्णा आम्हाला म्हणाले. “खोलीत झोपायचं. डोळे मिटल्यावर कुठला समुद्र?” आगाऊ रक्कम गेली. परत मिळणार नाही हे मालकानं तीनदा सांगितलं. अण्णांनी ते वहीत एकदाच लिहिलं, बारीक अक्षरात.

पुढं २५ जानेवारीला एसटीची भाडेवाढ झाली, १४.९५ टक्के. अंदाजपत्रक त्याआधीचं, त्यामुळं पुरवणी मागणी करावी लागली. शून्याला १४.९५ टक्के वाढवलं तरी शून्यच राहतं हे अण्णांनी गुणाकार मांडून दाखवलं, आणि पोराला त्या संध्याकाळी पहिल्यांदा गणितात गोडी वाटली.

इथपर्यंत सगळं अण्णांच्या हातात होतं. मग मार्च उजाडला.

सासूबाई फारसं बोलत नाहीत. महिनाअखेरीला एके दिवशी लसूण सोलता सोलता त्यांनी सहज विचारलं, “बचत किती झाली हो?”

“चार हजार दोनशे!” अण्णा म्हणाले. या प्रश्नाची ते तीन महिने वाट बघत होते.

“मग ३१ तारखेच्या आत उचलायला पाहिजेत.”

“म्हणजे?”

“अखर्चित राहिले तर परत जातात ना?”

अण्णांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. “तुमच्या नोकरीत दर ३१ मार्चला मध्यरात्रीपर्यंत जेवण झाकून बसलेय मी,” सासूबाई म्हणाल्या. “काय ती तुमची धावपळ, निधी लॅप्स होईल, निधी लॅप्स होईल. कुणी खुर्च्या घ्यायचं, कुणी पाण्याच्या टाक्या. मला काय कळत नाही होय?”

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी मारुती रोडला गेलो. अर्ध्या तिकिटाच्या दोन बायका, खर्चायला पूर्ण निधी घेऊन. चाकाची बॅग घेतली, कारण जुनीला चाकं नाहीत आणि हमालाचे पैसे वाचतील. थर्मास घेतला, कारण बाहेरच्या चहाचे पैसे वाचतील. पटकन वाळणारे टॉवेल, वाळूत न रुतणाऱ्या चपला, पोराला टोपी. प्रत्येक वस्तू काही ना काही वाचवणारी होती, त्यामुळं थांबायचं कुठं हेच कळेना. शेवटी गणपती पेठेत ठोक भावात अकरा नारळ घेतले. सासूबाईंचा नवस होता, आणि देवापाशी नारळ महाग मिळतात.

“आई, आपण कोकणात चाललोय,” मी म्हटलं.

“म्हणून तर.”

बिल चार हजार दोनशेच्या बरंच पुढं गेलं. अण्णांनी ते दोन दिवस कपाटात ठेवलं आणि तिसऱ्या दिवशी तोडगा काढला : हा सहलीचा खर्च नाहीच, हा भांडवली खर्च. बचतीचा रकाना शाबूत राहिला.

निघायच्या पहाटे नवरा आम्हाला स्टँडवर सोडायला आला. भडंगाचा डबा, शेंगदाण्याची चटणी, दशम्या, धपाटे, थर्मास आणि नारळाचं पोतं असं सगळं त्यानं इतक्या मायेनं गाडीत चढवलं की मी त्याच्या तोंडाकडं निरखून बघितलं. दुःख शोधत होते. गाडी हलायच्या आधीच तो टपरीवर कुणाला तरी फोन करत होता, आणि हसत होता.

कंडक्टरनं तिकिटं फाडायला सुरुवात केली. आजोबा शून्य, दोन बायका अर्ध्या, पोरगं अर्धं. मशीनमधनं चिठोऱ्या निघत गेल्या, आणि तो मागं बघून म्हणाला, “गडी माणूस कोण न्हाई?”

“त्याला परवडत नाही,” अण्णा म्हणाले, आणि आपलं शून्य रुपयांचं तिकीट घडी करून वहीत ठेवलं.

आंबा घाटापर्यंत सुखाचं झालं. पहिल्या मोठ्या वळणाला पोत्याची सुतळी सुटली. नारळाला घाट मानवतो असं दिसलं. ड्रायव्हरनं डावीकडं घेतलं की सगळे नारळ उजव्या सीटांखाली, उजवीकडं घेतलं की डाव्या, आणि ब्रेक दाबला की झाडून सगळे पुढं, गडगडत. गाडीतली अनोळखी माणसं पाय वर घेऊन बसली. एका आजीबाईंनी एक पकडला आणि ‘कुणाचा गं हा?’ म्हणून वर धरला. पोरगं मधल्या रिकाम्या जागेत गोलकीपरसारखं उभं. अण्णा सीटवरूनच मोजत होते : सात, आठ, नऊ. साखरपा येईपर्यंत दहा सापडले. अकरावा पायऱ्यांवरून खाली कधी गेला ते कुणालाच कळलं नाही. सासूबाईंनी हात जोडले, घाटातल्या देवालाही एक पोचला असेल म्हणून. पण नवस अकराचा, दहा चालणार नाहीत. मग देवळाबाहेर, माडांच्या सावलीत, अण्णांनी एक नारळ तिथल्या भावानं विकत घेतला. पैसे देताना त्यांनी त्या माणसाला असं बघितलं की त्यानं न मागता पिशवी दिली.

खोली होती तशीच होती. खिडकी उघडली की पाण्याची टाकी. रात्री ती भरली की वाहायची, आणि अण्णा उशीवर डोकं टेकून म्हणायचे, “ऐकू येतोय की नाही समुद्र?” बाकी समुद्र समुद्रासारखाच होता, त्यात काही कपात करता आलेली नव्हती. पोरगं दिवसभर पाण्यात, सासूबाई नव्या चपला हातात घेऊन वाळूत, मी काहीही न करता. दुपारी देवस्थानचा प्रसाद. फार चांगले दिवस गेले, ते लिहीत बसत नाही.

१० मेच्या संध्याकाळी, हाफ तिकिटाची मुदत संपायला एक रात्र उरलेली असताना, आम्ही सांगलीत उतरलो. घर लखलखीत. टेबलावर हापूसची पेटी, यार्डातल्या ओळखीतून आणलेली, आणि रत्नागिरीत आम्ही घासाघीस करून आणलेल्या पेटीपेक्षा स्वस्त. नवऱ्याचं वजन वाढलं होतं. शेजारच्या काकूंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की रोज रात्री चार मोटारसायकली लागायच्या आणि फरसाणाचा वास यायचा.

अण्णांनी हातपाय धुऊन वही घेतली. खर्च तरतुदीपेक्षा कमी आला होता, नारळाची एक किरकोळ बाब सोडता. त्यांनी पान उलटलं, नवी रेघ मारली आणि २०२६ चा तक्ता काढायला बसले. सासूबाईंना पुढच्या वर्षी पंच्याहत्तर पूर्ण. म्हणजे दोन शून्य. मी अर्धी.

“आपण तिघं मिळून अर्ध्या तिकिटात,” ते हळूच म्हणाले. त्यांचा त्यांनाच विश्वास बसत नव्हता.

“आणि पोरगं?” मी विचारलं.

अण्णांनी नातवाकडं बघितलं, मग मुलाकडं. हिरवं पेन उचललं.

“तो आता पूर्ण झाला. राहतील दोघं घरी. एकमेकांना सोबत होईल.”

नवरा आंबा चोखत होता. त्यानं मान हलवली, पुन्हा जरा लवकरच.