मुटका मारता येतो म्हणून स्कूबा येत नाही

दिवाळीची सुट्टी जवळ आली की साताऱ्यातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. मजकूर साधारण असा: 'आपली पोरं विहिरीत आणि कृष्णेत पोहून तयार झालेली, त्यांना स्कूबाचं काय कौतुक? ओपन वॉटरचं कार्ड असेल तर पुढचा अॅडव्हान्स्ड कोर्स म्हणजे निव्वळ पैसे काढायचा धंदा. ऑक्सिजनची टाकी तासभर आरामात पुरते. घाबरलात तर दम धरून सरळ वर या. दमलात तर प्रवाळाला धरून थांबा, दगडच तो. सकाळी डाईव्ह, रात्री जेवायला घरी.' खाली अंगठ्यांची रांग. (स्कूबा म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली पोहणं; ओपन वॉटर हा त्याचा पहिला कोर्स.)

यातलं एक वाक्य जिवावर बेतणारं आहे, ते आधी घेतो. दम धरून वर येणं.

विहिरीत हे चालतं. काठावर छाती भरून घेतली, सूर मारला, तळाची माती मुठीत घेऊन वर आलो. खाली जाताना पाण्याच्या दाबानं छातीतली हवा आक्रसते आणि वर येताना पुन्हा मूळ मापावर येते. त्याहून जास्त फुगायला ती आत घेतलेलीच नसते. स्कूबात श्वास खाली घेतला जातो. १० मीटरवर दाब पाण्याबाहेरच्या दुप्पट, आणि रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा तोंडात देणारं यंत्र, त्याच दाबाची हवा देतो. ती छातीत कोंडून वर आलात तर पृष्ठभागाशी पोचेपर्यंत तिला दुप्पट जागा लागते. फुप्फुस फाटतं आणि हवेचे बुडबुडे रक्तातून मेंदूपर्यंत जाऊ शकतात. छाती गच्च भरलेली असेल तर दीड मीटर वर येणंसुद्धा पुरतं. म्हणून पहिल्याच धड्यात बजावतात की श्वास रोखायचा नाही, आणि रेग्युलेटर तोंडातून निसटला तरी बारीक 'आऽऽ' करत हवा सोडत वर यायचं. पट्टीच्या पोहणाऱ्याला नेमकं हेच जड जातं, कारण डोक्यावरून पाणी गेलं की दम धरायचा ही सवय लहानपणापासून अंगात मुरलेली.

आता टाकी. तीत ऑक्सिजन नसतो, गाळून कोरडी केलेली साधी हवा असते, २१ टक्के ऑक्सिजनची. शुद्ध ऑक्सिजन साधारण ६ मीटरच्या खाली घेतला तर झटके येण्याचा धोका असतो. 'तासभर'चा हिशेबही करून बघू. १२ लिटरच्या टाकीत २०० बारनं (पाण्याबाहेरच्या साधारण २०० पट दाबानं) भरलेली हवा म्हणजे २,४०० लिटर. ५० बार राखीव ठेवायचे, उरली १,८००. पाण्याबाहेर मिनिटाला २० लिटर लागत असतील तर दीड तास झाला. पण २० मीटरवर दाब तिप्पट, खर्चही तिप्पट: मिनिटाला ६० लिटर, अर्ध्या तासात खेळ खलास. त्यात प्रवाहाविरुद्ध हात मारत बसलात तर वीस मिनिटंही पुरली तर नशीब. जोरकस पोहणारा इथे तोट्यात जातो. सगळ्यात जास्त वेळ खाली राहतो तो संथ माणूस.

अॅडव्हान्स्ड कोर्स हा धंदा आहे, हे मात्र मी अर्धं मान्य करतो. पाच डाईव्ह करून कार्ड मिळतं, कसब मिळत नाही. पहिला कोर्स संपल्या संपल्या दुसरा करणाऱ्याला बऱ्याचदा वर येताना ५ मीटरवर घ्यायचा तीन मिनिटांचा थांबा, म्हणजे सेफ्टी स्टॉपही, एका जागी धरता येत नाही. दोन्हींच्या मध्ये उथळ, निवांत डाईव्ह करून घ्या असं माझं मत. पण म्हणून १८ मीटरपर्यंतच्या ओपन वॉटर कार्डावर ३० मीटर गाठायचं का? पाडी या स्कूबा शिकवणाऱ्या संस्थेच्या तक्त्यात खाली राहायला १८ मीटरला जास्तीत जास्त ५६ मिनिटं मिळतात, ३० मीटरला फक्त २०. शिवाय तिथं नायट्रोजन डोक्यात चढायला लागतो, आणि ज्याला चढतो त्याला ते कळत नाही.

प्रवाळ दगड नाही. चुन्याच्या सांगाड्यावर जिवंत प्राण्यांची पातळ कातडी असते. हाताच्या दाबानं ती खरवडली जाते. गोलसर प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात, त्यामुळे कुणी फिन (पायात घालायचे पंख) मारून तोडलेला हातभर तुकडा भरून यायला पिढ्या जातात. लक्षद्वीपचे प्रवाळ २०२४च्या उष्णतेत पांढरे पडले होते, त्यांना वर आपला भार कशाला? शोकेससाठी तुकडा उचलणं तर वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे.

न धरता थांबायचं कसं, हीच खरी मधल्या टप्प्याची विद्या. श्वास आत घेतला की क्षणभर काहीच होत नाही, मग अंग सावकाश वर उचललं जातं. नवशिका त्या क्षणात धीर सोडतो आणि बीसीडीचं, म्हणजे अंगातल्या हवा भरायच्या जाकिटाचं, बटण दाबतो. मग भसकन वर जातो, घाबरून हवा सोडतो, थेट प्रवाळावर बसतो. कमरेला शिशाची वजनं जास्त बांधली असतील तर पाय खाली लोंबतात आणि फिन प्रवाळावर आपटत राहतात. हात पोटाशी, गुडघे वाकवलेले, लोंबणारा प्रेशर गेज खोचून ठेवलेला, एवढं जमलं की निम्मी मोडतोड थांबते.

राहिलं रात्रीचं जेवण. डाईव्हनंतर अंगात जिरलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात उंचीवर गेलं की त्याचे बुडबुडे होऊ शकतात. विमानाबद्दल हे बहुतेकांना माहीत असतं, घाटाबद्दल नसतं. एका डाईव्हनंतर निदान १२ तास, जास्त डाईव्ह किंवा जास्त दिवस झाले असतील तर १८ तास थांबा, हा सल्ला साधारण ६०० मीटरपासून पुढच्या उंचीला लागू आहे. सातारा ७०० मीटरच्या आसपास, महाबळेश्वर १,३५०. मालवणला पाच-सहा मीटरवर हात धरून फिरवून आणतात त्यात नायट्रोजन फारसा जिरत नाही, पण खोल दोन डाईव्ह करून त्याच दुपारी घाट चढायचा नाही. शेवटचा दिवस कोरडा ठेवा. सिंधुदुर्ग किल्ला बघा, मासे खा, मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी निघा.