शाळेची बाजू का घेता, असं विचारणाऱ्या ताईंना क्लासकडून उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू वाचला. दोन स्टार दिलेत त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण जवळच्या या सरकारी मिडल स्कूलची मुलंच आमच्याकडे सगळ्यात जास्त येतात आणि तुम्ही लिहिलंय तेच दर टर्मला कोणी ना कोणी पालक विचारतातच, म्हणून फोनवर न बोलता इथेच सविस्तर लिहितेय, बाकीच्यांनाही वाचता येईल. ज्यांनी रिव्ह्यू पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ताईंचं म्हणणं असं की मुलगा सहावीत या शाळेत गेल्यापासून मार्क घसरले, शाळेबद्दल सगळीकडून वाईटच ऐकू येतंय, आणि क्लासवाल्या मॅडम शाळा बदला म्हणायचं सोडून शाळेचीच बाजू घेतात, वर मुलांना शाळेत काय चाललंय ते विचारत बसतात आणि त्यात क्लासचा वेळ जातो.

तुमच्या मुलाचे मार्क, वही, वागणं यातलं काहीच मी इथे लिहिणार नाही, मुलाबद्दल चारचौघांत बोलायचं नसतं. बाकीचं बोलते.

आधी मार्कांचं. सहावीत आल्यावर मार्क पडणं हे या एका शाळेचं नाहीये हो. आतापर्यंत एकच वर्गशिक्षिका, तिला मूल कुठे अडतं ते माहीत, आता एकदम प्रत्येक विषयाला वेगळे शिक्षक, गणिताच्या मॅडमना प्रत्येक पायरी लिहिलेली हवी, विज्ञानाच्या सरांना आकृती पेन्सिलनेच हवी, भाषेच्या बाई पाठांतर चालवून घेत नाहीत, स्वतःच्या शब्दांत लिही म्हणतात. जुन्या शाळेत सगळ्यात मोठं असलेलं पोर इथे सगळ्यात लहान होतं. त्यात वय असं की शरीर बदलतंय, मित्र काय म्हणतील याचीच धास्ती जास्त. न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांवर रॉकऑफ आणि लॉकवुड या दोन संशोधकांचा 2010 चा अभ्यास आहे, त्यात हेच दिसलं की सहावी-सातवीला वेगळ्या मिडल स्कूलमध्ये गेलेली मुलं, एकाच शाळेत आठवीपर्यंत राहणाऱ्या मुलांच्या मानाने, गेल्या गेल्या गणितात आणि भाषेत मागे पडली. आणि आठवीपर्यंत ते भरून निघालं नाही, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. म्हणून "होईल आपोआप नीट" असं मी कुठल्याच पालकांना म्हणत नाही आणि तुम्हालाही म्हटलं नव्हतं. थांबा म्हटलं ते वर्षाच्या मध्ये शाळा बदलू नका यासाठी, हातावर हात ठेवून बसा असा त्याचा अर्थ नव्हता.

मध्येच शाळा बदलली की काय होतं ते आम्ही क्लासवाले जवळून बघतो, म्हणून एवढं अडून बसते. एका शाळेत अपूर्णांक आधी घेतात, दुसरीत पूर्णांक संख्या आधी. मूल मधूनच गेलं की एक धडा दोनदा होतो आणि एक होतच नाही. हा न झालेला धडा त्या वर्षी कळतही नाही, आठवीत बीजगणित आलं की बाहेर येतो, मग घरचे म्हणतात की याला बीजगणित जमत नाही. बीजगणित जमत असतं, उणे तीनातून उणे पाच वजा करायचे कसे ते कोणी शिकवलेलंच नसतं! आणि जो बदल एकदा झेपला नाही तोच परत करायचा, नवे शिक्षक, नवे मित्र, सगळं पहिल्यापासून.

आता शाळेबद्दल जे वाईट ऐकू येतं त्याबद्दल. मी पण ते सगळं वाचते, कामच आहे माझं. पण वाचताना बघा की लिहिणारा कोण आहे आणि त्याचं मूल त्या शाळेत कधी होतं. कोणाचं मूल केव्हाच शाळेतून बाहेर पडलंय, तेव्हाचे मुख्याध्यापकही आता नाहीत. कोणाचं एका शिक्षकाशी वाजलं आणि शिक्का सगळ्या शाळेवर बसला. एकाच सरांबद्दल एक पालक लिहितात की फार कडक, मूल घाबरतं, आणि दुसरे लिहितात की कडक आहेत म्हणून तर अभ्यास होतो. दोघं खरंच बोलतायत, मुलं वेगळी आहेत. आणि ज्यांचं बरं चाललंय ते लिहायला बसतच नाहीत. रिझल्ट बघून शाळेचा नंबर लावतात त्याचंही तसंच. अमेरिकेत 1966 साली कोलमन अहवाल आला होता, मुलांच्या मार्कांमधला फरक शाळेच्या सोयींपेक्षा घरच्या परिस्थितीशी जास्त जोडलेला दिसतो असं त्यात निघालं, त्यावर वाद अजून चालू आहेत, पण नुसत्या सरासरी मार्कांवरून शिकवणं चांगलं की वाईट ते ठरत नाही एवढं तरी धरून चालावं.

शाळेत कमी काहीच नाही असं मी म्हणतेय का, तर नाही. वर्गात मुलं जास्त आहेत, विज्ञानाचा तास बरेच दिवस बदली शिक्षकांवर चालला होता, परीक्षेचं वेळापत्रक पालकांपर्यंत उशिरा पोचतं. हे मी पालकसभेत सगळ्यांसमोर बोललेय, इथेही लिहितेय. उलट शाळा वाईट आहे असं सांगणं क्लासच्या धंद्याला सोयीचं असतं, घाबरलेले पालक दोन विषयांऐवजी पाच विषय लावतात. मला भीतीवर ॲडमिशन नकोत.

आणि मुलांना विचारत बसतो त्याबद्दल तर मी जरा जास्तच लिहिणार, कारण मुलं जे सांगतात ते पालकांच्या बोलण्यात येतच नाही. पालक बोलतात गृहपाठ, रिझल्ट, मेसेज आला नाही, शिस्त नाही. मुलं बोलतात मधल्या सुट्टीत कोणाशेजारी बसायचं, बसमध्ये मागच्या सीटवर कोण चिडवतं, कुठल्या मॅडमना शंका विचारली तर चालते. आमच्याकडे सातवीतली एक मुलगी शाळेतून थेट यायची आणि आल्या आल्या पाण्याची भरलेली बाटली घटाघटा संपवायची. सकाळी घरून भरून दिलेली बाटली, झाकणाचं सीलसुद्धा कोरडं. हळूच विचारलं तेव्हा कळलं की मुलींच्या बाथरूमची आतली कडी तुटलीय, त्यामुळे जायला लागू नये म्हणून ती दिवसभर पाणीच पीत नव्हती. दुपारनंतर डोकं दुखायचं, शेवटच्या दोन तासांत काही डोक्यात शिरायचं नाही, आणि घरी वाटत होतं की अभ्यासात लक्ष नाही. तिच्या आईला सांगितलं, त्या अजून दोन-तीन आयांना घेऊन मुख्याध्यापकांना भेटल्या, लेखी अर्ज दिला, कडी बसली. ताई, क्लासची ती पाच-दहा मिनिटं कुठल्याही जादा लेक्चरपेक्षा कामाची होती असं मला मनापासून वाटतं. न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांमध्ये 2007 पासून पालकांना, शिक्षकांना आणि सहावी आणि त्यापुढच्या मुलांना वेगवेगळं विचारतात की शाळा कशी वाटते. वेगवेगळं विचारण्यातच खरी गोष्ट आहे, आई-बाबा शेजारी बसलेले असताना बारा वर्षांचं मूल चिडवाचिडवीबद्दल बोलत नाही, ते शाळेत जाऊन भांडतील आणि उद्या अजून त्रास होईल अशी भीती असते त्याला.

अजून एक, बऱ्याच पालकांची तक्रार असते की पहिल्या तासाचेच विषय कच्चे राहतात, म्हणजे ते शिक्षक वाईट. या वयात झोप येण्याची वेळच शरीर पुढे ढकलतं, लवकर झोप म्हटलं तरी डोळा लागत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2014 मध्येच सांगितलं की मिडल आणि हायस्कूल सकाळी साडेआठच्या आधी भरवू नये. शाळेची वेळ आपल्या हातात नाही, पण रात्री मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवणं हातात आहे. बारा वर्षांपर्यंत 9 ते 12 तास झोप लागते, तेराच्या पुढे 8 ते 10. आधी हे दोन-तीन आठवडे करून बघा, मग शिक्षकांबद्दल बोलू.

आणि हो, शाळा बदलायलाच हवी अशीही वेळ येते, काही पालकांना मी स्वतः बदला म्हणून सांगितलंय. मारहाण किंवा सततचं चिडवणं लेखी तक्रार देऊनही थांबत नसेल, सकाळी शाळेचं नाव काढलं की मुलाच्या पोटात दुखत असेल, किंवा मुलाला वाचनात विशेष मदत लागते आणि शाळा ती देतच नसेल, तर वर्ष संपायची वाट बघू नका. तिथे धडे मागे पडले तर पडू देत, ते आम्ही भरून काढू.

तुमच्यासाठी मी शनिवारी दुपारची वेळ मोकळी ठेवलीय. मार्कलिस्ट नको, गणिताची आणि विज्ञानाची रोजची वही आणा, शिक्षकांनी लाल पेनने काय लिहिलंय आणि मुलाने त्याखाली सुधारून लिहिलंय का ते आपण सोबत बघू, आणि अर्धा तास मला त्याच्याशी एकट्याशी बोलू द्या. शाळेत गणिताच्या मॅडमना भेटायला जाणार असाल तर काय विचारायचं तेही लिहून देईन. आणि एवढं करूनही क्लास नकोच वाटला तर उरलेल्या टर्मची फी ऑफिसमधून परत मिळेल, रिव्ह्यू बदलायची अट नाही.