दोन व्याही आणि बावीस निग्रहस्थानं

आमची सोयरीक युतीच्या काळात जुळली. पत्रिकेत गुण, मंगळ, नाडी सगळं पाहिलं गेलं, पण राजकीय नाडी पाहायची गरज कुणाला वाटली नाही. माझे वडील, म्हणजे अण्णा, कमळवाले. सासरे, म्हणजे नाना, धनुष्यबाणवाले. १९८९ पासून दोन्ही चिन्हं एकाच पोस्टरवर नांदत होती. त्यामुळे बैठकीत दोघांनी मिळून तासभर काँग्रेसला शिव्या घातल्या आणि चहाच्या दुसऱ्या कपाला लग्न ठरलं. देण्याघेण्याचं बोलायला वेळच उरला नाही, एवढा एक फायदा झाला.

२०१४ च्या सप्टेंबरात युती तुटली. दोन्ही घरांतले फोन बंद झाले. डिसेंबरात सेना सरकारात गेली आणि त्याच आठवड्यात नानांकडून चिकूची पेटी आली. २०१९ ला मात्र तुटली ती तुटलीच. तेव्हापासून गणपती असो, दिवाळी असो की लेकीचा वाढदिवस, हे दोघे आमच्या सोफ्याच्या दोन टोकांना बसतात आणि मधली जागा माझ्यासाठी राखून ठेवतात. अण्णांना चुकीचं म्हणावं तर मुलगा शेफारला. नानांना म्हणावं तर जावई माजला. आणि दोघांनाही म्हणावं तर मी देशद्रोही की महाराष्ट्रद्रोही, एवढंच ठरायचं बाकी राहतं.

वाद कुठूनही सुरू होतो. परवा आळूच्या फदफद्यावरून झाला. आळू महागलं, एवढंच आई म्हणाली होती.

"महागणारच," नाना म्हणाले. "राज्य कुणाचं आहे बघा."

"तुमच्या अडीच वर्षांत आळू फुकट वाटत होते वाटतं?" अण्णा.

"विषय आजचा आहे, अण्णासाहेब."

"आजच्याचं मूळ कालच्यात असतं. चाळीस वर्षं ज्यांना शिव्या घातल्यात त्यांच्याच मांडीला मांडी लावून बसलात तुम्ही."

"आणि तुम्ही? २७ जून २०२३ ला भोपाळमध्ये तुमच्या पंतप्रधानांनी राष्ट्रवादीवर सत्तर हजार कोटींच्या घोटाळ्यांचा आरोप केला. २ जुलैला त्याच राष्ट्रवादीतले नऊ जण राजभवनावर शपथ घेत होते. पाच दिवसांत आमच्याकडे इस्त्रीचे कपडे परत येत नाहीत हो!"

अण्णा क्षणभर गप्प झाले. मला वाटलं, संपलं. पण अण्णांनी पाण्याचा घोट घेतला आणि थेट १९७५ गाठलं. "आणीबाणीला पाठिंबा कुणी दिला होता, नानासाहेब? आठवतंय का?" तोवर आळू गार झालं होतं.

मला या दोघांचा राग येत नाही, खरं तर कीवच येते. पक्ष एका रात्रीत बाजू बदलतो. तो काही यांना विचारून बदलत नाही. पण सकाळी दूध आणायला खाली उतरण्याआधी यांना नवी कारणं जुळवून तयार ठेवावी लागतात, कारण गेटवर दुसरा कुणी ती मागायला उभा असतोच. पहाटेचा शपथविधी झाला तो २३ नोव्हेंबर २०१९ चा शनिवार. त्या दिवशी अण्णा दुपारपर्यंत 'चाणक्य' म्हणत होते. मंगळवारी राजीनामा आल्यावर ते दोन दिवस फिरायलाच गेले नाहीत, आणि गुरुवारी शिवाजी पार्कवर दुसरा शपथविधी झाला तेव्हा तापाची गोळी घेऊन झोपले. नाना तेव्हा पेढे वाटत होते. २०२२ च्या जूनमध्ये पेढ्यांची पाळी अण्णांची होती आणि नाना गुवाहाटीचा नकाशा बघत बसले होते.

आधारचंच घ्या. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला आपल्या नंदुरबार जिल्ह्यात, टेंभलीला दिलं गेलं. अण्णांच्या मते तेव्हा ती पैशांची उधळपट्टी होती आणि घुसखोरांची सोय होती. २०१६ ला त्याचा कायदा झाला तेव्हा ती क्रांती झाली. नानांचा पक्ष तेव्हा सत्तेत, म्हणून नाना गप्प. त्यांना आधारमुळे खासगीपणावर येणारं संकट २०१९ च्या नोव्हेंबरनंतर एकाएकी दिसू लागलं. मोतीबिंदू काढल्यावरही त्यांना इतकं स्वच्छ दिसलं नव्हतं.

शेवटी कंटाळून मी वाचनालयातून तर्कशास्त्राचं एक जाडजूड पुस्तक आणलं. त्यात गौतमाची न्यायसूत्रं होती. या माणसाने दीड-दोन हजार वर्षांपूर्वी, टीव्हीवरच्या चर्चा ऐकायची सोय नसताना, वादात माणूस हरला हे ओळखायच्या बावीस जागा लिहून ठेवल्यात. निग्रहस्थानं म्हणतात त्यांना. मी वाचत गेलो आणि पानोपानी आमचा सोफा दिसू लागला. विषय आळूचा असताना १९७५ ला जाणं, हे अर्थांतर. अडचणीत आल्यावर 'मी असं म्हटलंच नव्हतं' म्हणणं, हा प्रतिज्ञासंन्यास. ऐन मोक्याच्या क्षणी काहीतरी काम काढून उठून जाणं, हा विक्षेप. नाना नेमके अशाच वेळी 'बीपीची गोळी राहिली' म्हणून उठतात. आणि सगळ्यांत बहारीची ती मतानुज्ञा. आपल्यावरचा दोष खोडायचाच नाही, 'तो तुमच्यातही आहे' एवढंच म्हणायचं. गौतमाच्या मते असं म्हणणारा तिथेच हरला, कारण दोष आपल्यात आहे हे त्याने मान्य करून टाकलं. हा नियम लावला तर २०१४ पासून आजवर आमच्या घरात कुणीही एकही वाद जिंकलेला नाही.

मी उत्साहाने ही यादी दोघांना वाचून दाखवली. वाटलं होतं, दोघे वरमतील. दोघांनी चष्मे लावले आणि यादी मोबाईलवर उतरवून घेतली.

पुढच्या रविवारपासून आळू, पेट्रोल, खड्डे हे विषय बंद झाले. "अण्णासाहेब, ही तुमची मतानुज्ञा!" "आणि हे तुमचं अर्थांतर, नानासाहेब!" "पुनरुक्ती करताय तुम्ही!" "पुनरुक्ती आधी तुम्ही केलीत!" "ही बघा, पुन्हा मतानुज्ञा!" मूळ मुद्दा काय होता ते दोघांनाही आठवेना. आता दुसऱ्याचं म्हणणं ऐकून घ्यायचीही गरज उरली नव्हती. तोंड उघडलं की नाव ठेवायचं, बस. मी पुस्तक पुन्हा उघडलं, तर गौतमाने याचाही बंदोबस्त करून ठेवलेला. समोरच्याच्या बोलण्यात दोष नसताना दोष आहे असा आरोप करणं हेसुद्धा एक निग्रहस्थान आहे, निरनुयोज्यानुयोग. ते मी सांगितलं, पण हे नाव नानांच्या कवळीला झेपेना, म्हणून दोघांनी एकमताने ते यादीतून वगळलं. २०१९ नंतरचं हे त्यांचं पहिलं एकमत.

आमदार अपात्रतेचा निकाल आठवतो का? १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा, दीड वर्षाचं गुऱ्हाळ, आणि १० जानेवारी २०२४ ला विधानसभा अध्यक्षांनी सांगितलं की खरी शिवसेना शिंदे गटाची, पण अपात्र मात्र दोन्हीकडचं कुणीच नाही. त्या संध्याकाळी अण्णा म्हणाले, न्याय झाला. नाना म्हणाले, लोकशाहीचा खून झाला. मी मात्र अध्यक्षांवर मनापासून जळलो. दोघांनाही पात्र ठरवून सुखरूप घरी जायची ही युक्ती मला आजवर सुचली नव्हती.

लाडक्या बहिणीवरून तर कहर झाला. महिन्याला १५०० रुपये जाहीर झाले तेव्हा नाना म्हणाले, ही मतांची लाच. मग महाविकास आघाडीच्या जाहीरनाम्यात ३००० आले आणि नाना म्हणाले, हा मातृशक्तीचा सन्मान. अण्णांना आधी रेवडी वाटणाऱ्यांचा भयंकर तिटकारा. पण १५०० ला तो ओसरला, २१०० च्या आश्वासनाला अभिमान झाला, आणि समोरून ३००० चा आकडा येताच पुन्हा उफाळला, "राज्याच्या तिजोरीचं काय?" म्हणजे लाच कुठे संपते आणि सन्मान कुठे सुरू होतो याची सीमारेषा अण्णांच्या मते २१०० च्या जरा पुढे आणि नानांच्या मते १५०० च्या जरा पुढे आहे. आई आतून एवढंच म्हणाली, "मला कुणाचेच मिळत नाहीत, मी पासष्टच्या वरची. आधी ताटं घ्या."

गेल्या गणपतीत मात्र प्रकरण माझ्यावर आलं. जेवणं झाली होती, विडे लावून झाले होते, आणि मी दोघांच्याही मुद्द्यांतली छिद्रं क्रमवार दाखवत होतो. अण्णांची दोन, नानांची दोन, अगदी तोलून. तेवढ्यात नानांनी विड्याची गुंडाळी गालात सरकवली.

"जावईबापू, तुम्ही मत कुणाला दिलंत?"

"मतदान गुप्त असतं, नाना."

"ते असो. पण तुमची बाजू कुठली? आम्हाला खोडता ते ठीक. तुमचं स्वतःचं म्हणणं काय?"

मी म्हटलं, माझं असं काही म्हणणं नाही, मी फक्त चूक कुठे आहे ते दाखवतो. अण्णांनी मोबाईल काढला, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि बोट फिरवत बराच वेळ काहीतरी शोधलं. मग मोठ्याने वाचलं, "स्वतःचा पक्ष न मांडता नुसता दुसऱ्याचा पक्ष खोडून काढणे, ती वितंडा." आणि पडदा नानांकडे वळवला. नानांनी वाचलं, मान डोलावली, आणि दोघे एकमेकांकडे पाहून असे हसले की मला थेट ती लग्नाची बैठक आठवली. त्या दिवशी शिव्या काँग्रेसला होत्या, आज मला.

मी उठलो. म्हणालो, "आलोच, माझी बीपीची गोळी राहिली."

"तुला कुठे बीपी आहे?" अण्णा म्हणाले.

नानांनी झब्ब्याच्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढून पुढे केली. "घ्या जावईबापू, माझ्यातली घ्या. आणि बसा."