हातच्याला इंग्रजीत काय म्हणतात?

वर्गात लागणारं इंग्रजी शिकवायला दर शनिवारी रात्री साडेनऊला मी व्हिडिओ कॉल लावते. पलीकडे बर्मिंगहॅमला एक अफगाण बाई असतात. काबूलला मुलींच्या शाळेत 14 वर्षं गणित शिकवलं त्यांनी. 2021च्या ऑगस्टमध्ये तालिबान आले, सहावीच्या पुढच्या मुलींच्या शाळा बंद झाल्या, बाईंनी देश सोडला. आज त्या एका गोदामात खोकी भरतात.

मी लालबागच्या मराठी शाळेत गणितच शिकवलं, त्यामुळे आमचं लगेच जमलं.

गेल्या शनिवारी वजाबाकी घेतली. 52 मधून 27. बाईंनी कागद कॅमेऱ्यासमोर धरला, दशकातला एक मोडून एककाकडे नेला आणि थांबल्या. बोट बरोबर जागी होतं, शब्द नव्हता. मी म्हटलं, ‘बॉरो’. तर त्या म्हणाल्या, शेजारच्या मुलाच्या वहीत ‘एक्स्चेंज’ लिहिलंय. शून्याला तिकडची पोरं ‘नॉट’ म्हणतात, हेही त्या मुलाकडूनच कळलं. हे शब्द त्यांना कोणत्याही क्लासमध्ये शिकवलेले नाहीत.

निर्वासितांना तिकडे इंग्रजीचे वर्ग असतात, ते चांगलेच आहेत. डॉक्टरला काय सांगायचं, घरभाड्याचं पत्र कसं वाचायचं, हे यायलाच हवं. त्याच्या पुढे थेट आयएल्ट्स, म्हणजे इंग्रजीची मोठी परीक्षा. 40 मिनिटांत 250 शब्दांचा निबंध, आलेखाचं वर्णन, आणि निकाल दोन वर्षांत शिळा. या दोन्हींत शाळेचा वर्ग कुठेच नाही. भांडणारी दोन पोरं कशी सोडवायची, रडणाऱ्या मुलीशी काय बोलायचं, पालकांना चार ओळी कशा लिहायच्या, ही शिक्षकाची भाषा. ती शिकायला शाळेतच उभं राहावं लागतं.

हे मी अनुभवावरून लिहिते आहे. आमच्याकडे सेमी-इंग्रजी आलं तेव्हा मला ‘परपेंडिक्युलर’ येत होतं, पण ‘मागे कोण कुजबुजतंय रे’ इंग्रजीत येईना. पहिले दोन महिने मी वर्गात हसले नाही. पुस्तकातली वाक्यं वाचून दाखवायचे. वीस वर्षं शिकवलेली बाई एका दिवसात नवखी होते, आणि ते पोरांना पहिल्या तासालाच कळतं. मला निदान शाळेतली नोकरी होती, स्टाफरूममध्ये विचारायला माणसं होती. या बाईंना यातलं काहीच नाही. ज्यांचा आश्रयाचा अर्ज अजून अडकलेला आहे, त्यांना तर तिकडे कामच करता येत नाही. परवानगी मागायची तरी 12 महिने थांबावं लागतं.

अजून एक गोष्ट मला झोपू देत नाही. 2023 पासून इंग्लंडमध्ये भारतातल्या गणिताच्या शिक्षकाला पात्रतेसाठी थेट अर्ज करता येतो. युक्रेनच्या शिक्षकालाही. अफगाणिस्तान त्या यादीत नाही. म्हणजे माझ्या विद्यार्थ्याला जे दार उघडं आहे, ते या बाईंना बंद. त्यांना दुसऱ्या वाटेने जायचं तर आधी एखाद्या शाळेने त्यांना वर्गात उभं करून घ्यायला हवं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: इंग्रजीची मदत शाळेच्या आत द्या. गणिताच्या शिक्षकाशेजारी अर्धा दिवस, पगारी मदतनीस म्हणून. सहा महिन्यांत जे कानावर पडेल ते क्लासमध्ये सहा वर्षांत पडणार नाही.

‘आधी आपल्या पोरांचं बघा’ असं मला दोघांनी सुनावलं. हैदराबाद-सिंधचे प्राचार्य के. एम. कुंदनानी फाळणीत सगळं सोडून मुंबईत आले आणि 1949 मध्ये वांद्र्याला नॅशनल कॉलेज उभं राहिलं. माझा धाकटा दीर तिथूनच पदवीधर झाला. निर्वासित शिक्षकांनी आपल्याच पोरांना शिकवलंय हो.

दादर, मुलुंड, बोरिवलीत माझ्यासारख्या निवृत्त बाई-सर घरोघरी आहेत. बाईंच्या ओळखीतल्या आणखी चार शिक्षिका शिकायला तयार आहेत, दोघी विज्ञानाच्या. आठवड्यातला एक तास देता येणार असेल तर इनबॉक्समध्ये कळवा. इंग्रजी झकास नसलं तरी चालेल, वर्गात शिकवलेलं असावं.