क्रायोनिक्ससाठी देश सोडावा का?

कायदेशीर मृत्यूनंतर देह किंवा फक्त मेंदू अतिशीत तापमानात जपून ठेवायचा, या आशेने की पुढे कधीतरी विज्ञान त्याला उठवेल, हा क्रायोनिक्सचा मूळ विचार. त्यावर विश्वास असलेली काही माणसे तेवढ्यासाठी परदेशी स्थायिक होण्याचा बेत करतात. आजवर एकालाही असे परत आणता आलेले नाही आणि पुढे येईल, याबद्दल मी साशंकच आहे. तरीही ज्याला हा डाव खेळायचाच आहे, त्याने स्थलांतराचा हिशेब नीट मांडावा, असे मला वाटते. कारण यात देशापेक्षा मरणाची वेळ आणि जागा अधिक निर्णायक ठरते.

हृदय थांबल्यावर मेंदूची हानी काही मिनिटांतच सुरू होते. म्हणून आदर्श परिस्थितीत क्रायोनिक्स संस्थेचे पथक आधीपासून शेजारच्या खोलीत थांबलेले असते. डॉक्टरांनी मृत्यू घोषित करताच देह बर्फाच्या पाण्यात ठेवतात, छाती दाबणाऱ्या यंत्राने रक्त फिरते ठेवतात, ते साकळू नये म्हणून हेपारिन देतात आणि पुढे रक्ताच्या जागी असे द्रावण भरतात की पेशींमध्ये बर्फाचे स्फटिक न होता त्या काचेसारख्या घट्ट व्हाव्यात. शेवटचा मुक्काम उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये. आता एखादा माणूस संस्थेपासून दहा मिनिटांवर राहत असला, पण रात्री झोपेतच गेला आणि सकाळी कोणाच्या लक्षात आले, तर त्या जवळ राहण्याचा उपयोग काय?

अमेरिकेत ॲरिझोनातील अल्कोर आणि मिशिगनमधील क्रायोनिक्स इन्स्टिट्यूट या जुन्या संस्था. स्वित्झर्लंडमध्ये राफ्झ आणि ऑस्ट्रेलियात होलब्रुक इथेही आता साठवणुकीची सोय आहे. अल्कोरचे संपूर्ण देहाचे शुल्क दोन लाख डॉलरच्या वर जाते, ते बहुतेक सभासद आयुर्विम्यातून भागवतात. मिशिगनमध्ये २८,००० डॉलरपासून सुरुवात होते. मात्र त्यात मृत्यूशय्येजवळ थांबणारे पथक आणि वाहतूक धरलेली नाही, म्हणजे ज्यावर सारे अवलंबून, नेमके तेच वेगळे.

फ्रान्ससारख्या देशात, जिथे दफन किंवा दहन याशिवाय अशा जतनाला कायद्याने वाव नाही, तिथून बाहेर पडण्याला अर्थ आहे, हे मला मान्य आहे. पण बाहेर पडायचे कधी? माझ्या मते खरा लाभ शेवटच्या काही आठवड्यांत, असाध्य आजाराचे निदान झालेल्या रुग्णाने संस्थेजवळच्या हॉस्पिसमध्ये, म्हणजे मरणासन्न रुग्णांच्या शुश्रूषागृहात, दाखल होण्यात आहे. नेमके तेव्हाच दार बंद होते: क्रायोनिक्स वैद्यकीय उपचारांत मोडत नाही, व्हिसाच्या अर्जात मरायला येण्यासाठी रकाना नसतो, आणि असाध्य आजाराच्या माणसाला नवा विमा कोण देणार? धडधाकट तरुणाला नोकरीच्या निमित्ताने जाता येते, पण त्याला या सेवेची गरज बहुधा कित्येक दशकांनी पडणार, आणि तोवर संस्था टिकेल याची हमी नाही. कॅलिफोर्नियात चॅट्सवर्थच्या दफनभूमीत ठेवलेले देह १९७०च्या दशकात पैसे संपल्यामुळे वितळून गेले होते.

शिवाय देश सोडताना जी माणसे मागे राहतात, त्यांच्याच संमतीवर बरेच काही अडते. २०१६ मध्ये ब्रिटनमधील एका चौदा वर्षांच्या कर्करोगग्रस्त मुलीचे प्रकरण उघड झाले. तिला क्रायोनिक्स हवे होते, आईचा पाठिंबा होता, विभक्त झालेल्या वडिलांचा सुरुवातीला विरोध होता. लंडनच्या उच्च न्यायालयाने तिच्या देहाबाबतचा निर्णय आईकडे सोपवला आणि मृत्यूनंतर तिचा देह अमेरिकेला नेण्यात आला. ती स्वतः देश सोडून कुठेही गेली नव्हती. अडचण घरात होती आणि ती जिवंतपणीच सोडवली गेली.

स्थलांतर करूनही एक धोका उरतोच, तो शवविच्छेदनाचा. अचानक किंवा संशयास्पद मृत्यू झाला तर देह आधी सरकारी तपासाकडे जातो, तिथे मेंदूचे काप घेतले जाऊ शकतात आणि तोवर वेळही निघून गेलेली असते. कॅलिफोर्नियासह अमेरिकेतील काही राज्यांत धार्मिक कारणावरून शवविच्छेदनाला हरकत घेणारे प्रमाणपत्र आधी सही करून ठेवता येते, पण गुन्ह्याचा संशय असेल तर तेही चालत नाही.