मोजपट्टी, ब्लेड आणि सात मात्रा: एका प्रतिक्रियेला उत्तर

‘आवडते रॉक अल्बम आणि त्यांच्यामागच्या गोष्टी’ या लेखाखाली एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचं म्हणणं थोडक्यात सांगतो. लेख ‘इकडून तिकडून उचललेला’ आहे. डीप पर्पलच्या ‘मशीन हेड’ची माहिती चुकली आहे. पिंक फ्लॉइडच्या ‘डार्क साइड ऑफ द मून’मधल्या ‘मनी’ या गाण्यासाठी मोजपट्टीने मोजून टेप कापली, ही ‘भाबड्या चाहत्यांची थाप’ आहे, ‘असले आवाज सिंथेसायझरवर दोन मिनिटांत निघतात’. ‘विझर्ड ऑफ ऑझ’ या सिनेमाचा उल्लेख नाही म्हणजे लेखकाला तो अल्बम कळलेलाच नाही. फ्लीटवुड मॅकचा ‘रूमर्स’ हा रॉक नव्हेच, तो ‘गॉसिपसाठी घेतला’ आहे. आणि रीमास्टर (जुन्या टेपवरून नव्याने तयार केलेली आवृत्ती) ऐकणाऱ्यांनी लिहू नये. शेवटी, ‘असो, चालू द्या तुमचं’.

हे ‘चालू द्या तुमचं’ नसतं, तर कदाचित दोन ओळींत उत्तर दिलं असतं. चूक दाखवायला ‘इथे चूक आहे’ एवढे तीन शब्द पुरतात. त्याला ‘थाप’ आणि ‘भाबडे’ची फोडणी कशाला? समोरच्याला आधी मूर्ख ठरवायचं आणि मग माहिती द्यायची, या पद्धतीने माहिती पोचत नाही, फक्त सूर पोचतो. तुमचा सूर पोचला.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते. ‘मशीन हेड’मधलं ‘स्मोक ऑन द वॉटर’ स्वित्झर्लंडमधल्या मोंत्रोच्या ग्रँड हॉटेलात रेकॉर्ड झालं असं मी सरसकट लिहिलं होतं. ते अर्धवट आहे. ४ डिसेंबर १९७१ ला फ्रँक झॅपाच्या कार्यक्रमात कुणीतरी फ्लेअर गन उडवली, कसिनो जळाला आणि डीप पर्पलची ठरलेली जागा गेली. मग बँड पॅव्हिलियन नावाच्या थिएटरात गेला. या गाण्याचा वाद्यांचा ट्रॅक तिथे झाला, तोही पोलीस आवाज बंद करायला दारात येईपर्यंत. ग्रँड हॉटेल त्यानंतरचं. लेखात दुरुस्ती केली आहे, तुमचे आभार. हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये गाद्या लावून वाजवलं आणि बाहेर उभ्या असलेल्या रोलिंग स्टोन्सच्या रेकॉर्डिंग ट्रकपर्यंत जायला इतक्या खोल्या आणि बाल्कन्या ओलांडाव्या लागत की मंडळींनी टेक परत ऐकणंच सोडून दिलं, हा भाग जसा होता तसाच ठेवलाय. तो बरोबर आहे.

आता ‘थाप’.

‘डार्क साइड ऑफ द मून’चं रेकॉर्डिंग १९७२ च्या जूनमध्ये अॅबी रोडला सुरू झालं आणि अल्बम मार्च १९७३ मध्ये बाजारात आला. त्यावर सिंथेसायझर आहे, नाही असं मी कुठेच म्हटलेलं नाही. ‘ऑन द रन’ ऐका. आठ सुरांची एक ओळ सिंथी एकेएस या सिंथेसायझरच्या सीक्वेन्सरमध्ये हळू भरली आणि मग वेग वाढवून पळवली. पण त्या यंत्राच्या स्मरणात सूर राहतात, आवाज नाही. कोणता सूर कधी वाजवायचा एवढंच त्याला सांगता येतं. खरी नाणी, खरा कागद, गल्ल्याच्या खऱ्या यंत्राची घंटी असं काही आत साठवून कळ दाबली की बाहेर, ही सोय देणारा सॅम्पलर, म्हणजे फेअरलाइट, आला १९७९ मध्ये. १९७२ साली तुमच्या त्या ‘दोन मिनिटां’साठी सात वर्षं थांबावं लागलं असतं.

मग केलं काय? एकेक आवाज टेपवर घेतला. ड्रमर निक मेसनने जुन्या नाण्यांना भोकं पाडून ती दोरीत ओवली. बास वाजवणाऱ्या रॉजर वॉटर्सची बायको मातीकाम करायची, तिच्या माती कालवायच्या मोठ्या वाडग्यात नाणी टाकली. कागद फाडला, कॅश रजिस्टर वाजवलं. गाणं सात मात्रांचं, म्हणून तुकडेही सात. (सात म्हटलं की आपल्या कानाला रूपक ताल आठवतो. पण रूपकात सम ‘खाली’वर, म्हणजे टाळी नसलेल्या मात्रेवर असते, इथे पहिल्याच मात्रेवर बास गिटार ठासून बसते. रूपकाच्या सवयीने मोजायला गेलात तर चुकाल.)

आता मोजपट्टी कशाला, हा तुमचा खरा प्रश्न. म्हणजे तुम्ही विचारला नाहीत, पण विचारायला हवा होता. स्टुडिओतली टेप सेकंदाला १५ इंच वेगाने धावते. मिनिटाला साधारण १२० ठोके धरा, म्हणजे एक ठोका अर्ध्या सेकंदाचा. अर्ध्या सेकंदात हेडवरून, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या चुंबकी भागावरून, साडेसात इंच टेप जाते. म्हणजेच एक मात्रा म्हणजे साडेसात इंच टेप. तुकडा या लांबीचा हवा म्हणजे हवाच, कारण टेपवर लय ही लांबीच असते, दुसरं काही नाही. ती मोजायला मोजपट्टीच लागते, घड्याळ नाही. सात तुकड्यांचे झाले साडेबावन्न इंच. सव्वाचार फुटांहून थोडी जास्त टेप, दोन्ही टोकं जोडून केलेली माळ, म्हणजेच लूप.

अर्धा इंच चुकला तर? अर्धा इंच म्हणजे ३३ मिलिसेकंद. एकदाच ऐकलं तर कदाचित सुटेल. पण लूप साडेतीन सेकंदांनी पुन्हा तिथेच येतो आणि दर फेरीला त्याच मात्रेवर लंगडतो. तिसऱ्या फेरीला ज्याला लय कळते त्याची मान तिथे अडते. शिवाय तुकडा नुसता बरोबर लांबीचा असून भागत नाही, आवाजाची सुरुवात तुकड्याच्या पुढच्या कडेवर यावी लागते. कॅश रजिस्टरचा खटका सोपा, तो एका जागी असतो. नाण्यांचा खळखळाट मात्र वाईट. एक नाणं आधी पडतं, बाकीची मागून. ठोका नेमका कुठला धरायचा? त्यासाठी दोन्ही रिळं हातांनी पुढेमागे हलवून टेप हेडवर हळू घासायची, ‘घुर्र’ आवाज जिथे सुरू होतो तिथे टेपच्या पाठीवर मेणाच्या पेन्सिलीने खूण करायची. मग टेप ठोकळ्याच्या खाचेत बसवायची आणि ब्लेडने कापायची.

कापायची ती तिरकी, ४५ अंशांत. सरळ कापली तर जोडावर ‘टक्’ ऐकू येतं. पाव इंच रुंदीच्या टेपवर ४५ अंशांचा काप लांबीतही पाव इंच पसरतो, म्हणजे सुमारे १७ मिलिसेकंद एक आवाज उतरतो आणि दुसरा चढतो. कान तेवढ्यावर फसतो. ब्लेडमध्ये चुंबकत्व शिरलेलं असेल तर काप कितीही देखणा असो, तिथे टिचकी वाजतेच. म्हणून ब्लेडचं चुंबकत्व आधी उतरवायचं. चिकटपट्टी लावायची ती पाठीकडून, लोहकणांच्या बाजूने नाही. दोन टोकांत केसभर फट राहिली तर आवाज तुटतो, टोकं एकमेकांवर चढली तर जोड हेडवर उडी मारतो. मी टेप कापलेली आहे. यापेक्षा जास्त आत्मचरित्र इथे देत नाही, पण ज्याने एकदा हे केलंय तो मोजपट्टीला थाप म्हणणार नाही, एवढं मात्र नक्की.

आणि सव्वाचार फुटांची माळ यंत्रावर मावत नाही. ती हेडवरून बाहेर काढून मायक्रोफोनच्या स्टँडभोवती फिरवून परत आणावी लागते. स्टँड जवळ ठेवला तर टेप सैल पडून आवाज डुलतो, लांब ओढला तर ताण वाढून वेग ढासळतो. मधली जागा हातानेच सापडते. अल्बमसाठी हा लूप पुन्हा नव्याने करावा लागला, कारण चार स्पीकरांचं मिश्रणही करायचं होतं आणि त्यात हे आवाज वेगवेगळ्या कोपऱ्यांतून यायला हवे होते. पहिल्या मोनो लूपमध्ये ते एकमेकांपासून सुटे करता येत नव्हते. ‘टाइम’मधली घड्याळंही अशीच, जुन्या वस्तूंच्या दुकानात अल्बमचा ध्वनितंत्रज्ञ अॅलन पार्सन्सने एकेक करून रेकॉर्ड केलेली. तीही सिंथेसायझरमधून आली म्हणायचंय का?

ऐकूनही पडताळता येतं. हेडफोन लावा, सुरुवातीचा लूप मोजा. बँड सुरू झाल्यावर तो हळूच मागे ओढून नाहीसा केला आहे. सॅक्सोफोन सातातच वाजतो. गिटारचा सोलो आला की गाणं चारात जातं. तिथेही सात मोजत बसलात तर दुसऱ्याच आवर्तनात हात सुटेल.

बाकीचं भराभर.

‘विझर्ड ऑफ ऑझ’: १९३९ च्या त्या सिनेमाबरोबर अल्बम लावला की प्रसंग जुळतात, ही करमणूक मलाही माहीत आहे. अल्बम सुमारे ४३ मिनिटांचा, सिनेमा पावणेदोन तासांच्या घरातला, म्हणून उरलेल्या वेळात अल्बम पुन्हा पहिल्यापासून लावायचा. एवढ्या सवलतीत काहीही कशाशीही जुळतं. बँडने हे नाकारलंय, आणि सिनेमा समोर लावून रेकॉर्डिंग करण्याची सोयच स्टुडिओत नव्हती असं पार्सन्सने सांगितलंय. मोजपट्टी थाप आणि हे मात्र खरं? वा.

‘रूमर्स’ रॉक आहे की नाही, यावर मी वेळ घालवणार नाही. पण ‘गॉसिपसाठी घेतला’ हा आरोप खोटा आहे. कुणाचं कुणाशी बिनसलं यावर लेखात अर्धं वाक्य आहे, टेपवर दोन परिच्छेद. ओव्हरडबसाठी, म्हणजे आधीच्या वादनावर नवे आवाज चढवण्यासाठी, तीच टेप महिनोन्महिने हेडवरून फिरली, लोहकण झिजले आणि ड्रम्सची धार गेली. नशिबाने मूळ वादन चालू असतानाच दुसऱ्या यंत्रावरही रेकॉर्ड होत होतं आणि ती टेप कोरी करकरीत पडून होती. नंतरची सगळी वादनं आणि गाणं तिच्यावर उतरवायचं, तर दोन यंत्रं एका वेगाने चालायला हवीत, आणि त्यांना जोडणारा कोणताही इशारा टेपवर नव्हता. तंत्रज्ञाने हेडफोनच्या एका कानात झिजलेल्या टेपचे ड्रम्स घेतले, दुसऱ्या कानात ताज्या टेपचे, आणि वेगाची कळ हाताने फिरवत दोन्ही जुळवून ठेवले. एका गाण्यात नाही, एकामागून एक गाण्यांत. हे गॉसिप असेल तर मला असंच गॉसिप आवडतं.

गायिका क्लेअर टोरीबद्दल तुम्ही ‘पैशासाठी कोर्टात गेलेली बाई’ असं जे लिहिलंय, तो शब्दप्रयोग मी काढून टाकतोय, बाकी प्रतिक्रिया आहे तशी ठेवतोय. ‘डार्क साइड’वरच्या ‘द ग्रेट गिग इन द स्काय’मधली ती सगळी आलापी तिची. मोबदला मिळाला ३० पौंड. २००५ मध्ये तडजोड झाली आणि गीताच्या श्रेयात बँडच्या रिचर्ड राइटच्या जोडीला तिचं नाव लागलं. शब्द नसलेल्या गाण्यात गळ्याने जे रचलं, ते रचनाच आहे.

रीमास्टरवरचे तुमचे चार परिच्छेद वाचले. कोणतं रीमास्टर, कोणत्या सालचं, हे त्यात एकदाही आलेलं नाही. साल कळवा, मग बोलू.